राजीनामा लिहून देण्याआधी हे वाचा: चाळिशीनंतर नोकरी गेली तर सरकारी योजनांचा उपयोग कसा करायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४३, शिक्षण बारावी, आयटीआय नाही. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात ११ वर्षं व्हीएमसी (संगणकावर चालणारं धातू कापण्याचं मशीन) ऑपरेटर, हातात येण्याआधीचा पगार १९,५०० रुपये. तुमची लाइन बंद होते आहे. एचआर म्हणतो, "राजीनामा द्या, फुल अँड फायनल आठ दिवसांत करतो." तुम्ही विचारलंय, बेरोजगारांना सरकार काय देतं, महास्वयं या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर नाव घातलं की नोकरी मिळते का, आणि नाहीच मिळाली तर सरकारी कर्ज घेऊन स्वतःचं काही सुरू करावं का.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण तुमच्यासमोर आत्ता खरा प्रश्न चौथा आहे: राजीनामा द्यायचा की नाही. बाकीच्या तिन्हींची उत्तरं त्यावर ठरतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मी बरीच वर्षं लहान-मध्यम कारखान्यांची पीएफ आणि ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळ, म्हणजे पगारातून वर्गणी कापून कामगारांना उपचार आणि भत्ते देणारी सरकारी विमा संस्था) कामं करतो. म्हणजे बहुतेक वेळा मालकाच्या टेबलाच्या बाजूलाच बसलेलो असतो, आणि त्या बाजूने कागद कसा तयार होतो ते रोज बघतो.

कामगार गेला की कारखान्याचा क्लार्क ईएसआयसीच्या पोर्टलवर त्याच्या नावापुढे एक कारण निवडतो. त्या यादीत "नोकरी सोडली" हे वेगळं आहे आणि "कामगार कपात" हे वेगळं. तुमचा राजीनामा फाइलला लागला की क्लार्क पहिलं कारण निवडतो. त्यात त्याचा काही दुष्टपणा नसतो, समोर कागदच तसा असतो. पण त्या एका निवडीमुळे पुढचे दरवाजे कसे बंद होतात बघा.

ईएसआयसीत राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. ती २००५ पासून चालू आहे, तरी दहा कामगारांपैकी नऊ जणांनी तिचं नाव ऐकलेलं नसतं. कारखाना बंद पडल्यामुळे किंवा कपातीमुळे नोकरी गेली आणि त्याआधी किमान दोन वर्षं तुमची वर्गणी भरलेली असेल, तर पहिले १२ महिने सरासरी पगाराच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के भत्ता मिळतो. शिवाय या काळात तुमच्यावर आणि कुटुंबावर ईएसआयसीचे उपचार चालू राहतात. तुमच्या पगारावर ढोबळ हिशेब केला तर पहिल्या वर्षी महिन्याला साधारण ९,७५० आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मे. अर्थात मधे नवी नोकरी लागली की भत्ता थांबतो, आणि तो थांबावा यासाठीच तर आपली धडपड. पण ही योजना स्वतःहून नोकरी सोडणाऱ्यासाठी नाही. स्वेच्छानिवृत्तीलाही नाही.

दुसरी गोष्ट नुकसानभरपाईची. कपात करताना मालकाने किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यायचा असतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. ११ वर्षांचे हे तुमचे साधारण लाखभर रुपये होतात. याच संहितेत आणखी एक नवी तरतूद आली आहे, पुनर्कौशल्य निधीची. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचा शेवटचा पगार या निधीत भरायचा आणि कपातीनंतर ४५ दिवसांत ती रक्कम कामगाराच्या खात्यात जायची. तुमच्या बाबतीत नऊ-दहा हजार. रक्कम मोठी नाही, पण नवीन काही शिकायला हीच रक्कम उपयोगी पडते. तिच्यावर हक्क फक्त "कपात" झालेल्याचा.

म्हणजे राजीनाम्याच्या त्या एका ओळीने तुम्ही लाखभराची भरपाई, नोटीस पगार, पुनर्कौशल्याची रक्कम आणि दोन वर्षांपर्यंतचा भत्ता एवढं सगळं सोडून देता. एचआर जे "आठ दिवसांत" द्यायला तयार आहे ते बहुतेक थकलेला पगार, शिल्लक रजांचे पैसे आणि ग्रॅच्युइटी एवढंच असेल. ते तुमचंच आहे. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी मिळते, कपात झाली तरी मिळते. ती काही राजीनाम्याचं बक्षीस नाही.

आता तुमच्या परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे, तो भाग. सगळ्यात आधी तुमची सॅलरी स्लिप काढा आणि मालक म्हणून वर कोणाचं नाव आहे ते वाचा. कारखान्याचं की ठेकेदाराचं? चाकण-भोसरी पट्ट्यात दहा वर्षं एकाच गेटमधून आत जाणारा माणूस कागदावर तीन ठेकेदारांकडे फिरलेला असतो. तसं असेल तर ११ वर्षांची सलग सेवा सिद्ध करणं अवघड जातं आणि भरपाईचा दावा ठेकेदाराविरुद्ध जातो. ईएसआयसीचं मात्र तसं नाही. तुमचा आयपी नंबर (ईएसआयसीचा विमा क्रमांक) एकच राहिलेला असेल आणि वर्गणी भरलेली असेल, तर मालक कितीही बदलले तरी ती मोजली जाते. म्हणून ठेकेदारी कामगारालाही मी ईएसआयसीचा दावा सोडू नका असंच सांगतो.

दुसरं, कारखान्यात एकूण कामगार किती. तीनशे किंवा त्याहून जास्त असतील तर कपातीसाठी सरकारची आधी परवानगी लागते. त्यापेक्षा कमी असतील तर परवानगी नको, पण नोटीस आणि भरपाई लागतेच. राजीनामे गोळा करण्यामागचं कारण बऱ्याचदा इथेच सापडतं.

तिसरं, तुम्ही सही आधीच करून बसला असाल तर? राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र मिळालेलं नसेल तर आजच लेखी, ईमेलने आणि पोचपावतीच्या टपालाने, तो मागे घेत असल्याचं कळवा. लाइन बंद झाल्यामुळे मागितला गेला हे त्यात स्पष्ट लिहा. मंजूर झाला असेल तर सहायक कामगार आयुक्तांकडे तक्रारीचा मार्ग आहे, पण तो लांबचा आहे आणि निकाल तुमच्या कागदांवर ठरेल. इथे मी खोटी आशा दाखवणार नाही.

एचआरशी बोलताना भांडायची गरज नाही. एवढंच म्हणा: "साहेब, कंपनीला कामगार कमी करायचे आहेत तर कपातीचं पत्र द्या, मी हिशेब घेऊन जातो." बहुतेक ठिकाणी यावर थोडी कुरकुर होते आणि मग मधला मार्ग निघतो. कधी कधी जास्तीचे पैसे देऊन राजीनामा मागतात. ती रक्कम वर सांगितलेल्या एकूण बेरजेपेक्षा खरंच मोठी असेल आणि दुसरी नोकरी डोळ्यासमोर असेल, तर घ्यायलाही हरकत नाही. हिशेब करून सोडलेला हक्क वेगळा आणि माहीत नाही म्हणून गेलेला वेगळा.

ईएसआयसीचीच दुसरी योजना म्हणजे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती १ जुलै २०१८ ला सुरू झाली तेव्हा सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळायचे. कोविडच्या काळात २०२० मध्ये ते ५० टक्के केले. आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी. अट अशी की नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विमाधारक हवं, लगेच आधीच्या वर्गणी-सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी हवी आणि त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीतही तेवढीच. नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी दावा करता येतो, तोही मालकाला मधे न घालता थेट शाखा कार्यालयात. तुमच्या पगारावर तीन महिन्यांचे मिळून २८-२९ हजार होतील. गैरवर्तनासाठी काढलेल्याला, निवृत्त झालेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला ती मिळत नाही. या योजनेची मुदत दर थोड्या काळाने वाढवत आणली आहे, म्हणून फॉर्म भरण्याआधी शाखा कार्यालयात सध्याची मुदत विचारून घ्या. दोन्ही योजनांत बसत असाल तर तिथेच विचारून श्रमिक कल्याण योजनेला प्राधान्य द्या, कारण ती मोठी आहे.

यावरून एक गैरसमज काढायचा आहे. नोकरी गेली की ईएसआयसीचं कार्ड लगेच बंद, असं समजून लोक खासगी दवाखान्यात पैसे ओततात. तसं नाही. ऑक्टोबर ते मार्च या काळात भरलेल्या वर्गणीचे लाभ पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतात, आणि एप्रिल ते सप्टेंबरचे पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये. म्हणजे मार्चअखेर नोकरी गेलेल्या माणसाचं कार्ड साधारणपणे त्याच वर्षाच्या डिसेंबरपर्यंत चालतं. घरात कोणाचं ऑपरेशन, कोणाची तपासणी रखडली असेल तर ती याच काळात उरकून घ्या.

पीएफबद्दल फक्त दोन गोष्टी. मालकाने पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही तर सगळं अडतं; शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की ती तुम्ही स्वतः यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) लॉगिनमधून भरू शकता. आणि पेन्शनच्या पैशाला हात लावायचा विचार करू नका. तुमची सेवा दहा वर्षांवर गेली आहे, म्हणजे ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क तयार झालेला आहे. नव्या मालकाला तोच यूएएन द्या, सेवा पुढे जोडली जाते. नवा नंबर काढून देणारे महाभाग प्रत्येक एमआयडीसीत आहेत, त्यांच्यापासून लांब राहा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. महास्वयंवर नाव घातलं की नोकरी मिळते का? नाही. पण नाव घालाच, आणि केंद्र सरकारच्या राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टलवरही घाला. दोन्ही फुकट आहेत. कोणी नोंदणीचे पैसे मागत असेल तर तिथून उठून या. जुन्या सेवायोजन कार्यालयाच्या जागी आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. त्यांच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळाव्यात प्रत्यक्ष जाण्याचा फायदा पोर्टलपेक्षा जास्त होतो, कारण तिथे लहान कारखान्यांचे मालक स्वतः येतात आणि व्हीएमसीवर ११ वर्षं काढलेला माणूस त्यांना दोन प्रश्नांत ओळखू येतो. पोर्टलवर मात्र शिक्षणाच्या रकान्यात "बारावी" लिहिलं की तुम्ही पहिल्याच गाळणीत बाहेर पडता.

तुमची खरी अडचण हीच आहे. आपल्याकडच्या रोजगाराच्या बऱ्याच योजना पहिली नोकरी शोधणाऱ्या पोरांसाठी आखलेल्या आहेत. गेलेली नोकरी पुन्हा मिळवायची असलेला चाळिशीचा माणूस त्यांच्या कागदावर फारसा दिसत नाही. २०२४ ला आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना १८ ते ३५ वयोगटासाठी आहे. अप्रेंटिसशिपचा तुम्हाला काही उपयोग नाही. पीएम विश्वकर्मात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात मशीन ऑपरेटर बसत नाही. रोजगार हमी तर महाराष्ट्राने देशाला दिलेली गोष्ट. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती आली, १९७२ च्या दुष्काळात तिने लोक जगवले आणि २००५ चा केंद्राचा कायदा तिच्यावरच उभा राहिला. पण ती ग्रामीण भागातल्या अंगमेहनतीच्या कामासाठी आहे. "सरकारच्या इतक्या योजना आहेत, एखादी तरी मिळेल" असं तुम्हाला सांगणारे भेटतील. त्यातल्या बहुतेक तुमच्यासाठी नाहीत हे आधीच कळलेलं बरं, रांगेत उभं राहण्याचे दिवस वाचतात.

मग तुमच्यासाठी काय आहे? दोन गोष्टी, आणि दोन्ही फारशा कोणी सांगत नाही.

पहिली म्हणजे पूर्वकौशल्य मान्यता. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचाच हा एक भाग आहे. काम करत करत शिकलेल्या माणसाची चाचणी घेऊन त्याच्या हातातल्या कौशल्याचं प्रमाणपत्र देतात. वर्षभराचा कोर्स करावा लागत नाही, आणि चाळिशीच्या माणसालाही ही वाट उघडी आहे. तुम्हाला सेटिंग येतं, ऑफसेट घेता येतो, ड्रॉइंग वाचता येतं, मोजमापाची साधनं हाताळता येतात. या सगळ्यावर आज कोणाचाही शिक्का नाही. सीएनसी-व्हीएमसीचं असं प्रमाणपत्र हातात आलं की अर्जावरच्या "बारावी"खाली लिहायला काहीतरी मिळतं. जिल्हा केंद्रात किंवा जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये विचारा, जिल्ह्यात तुमच्या ट्रेडची चाचणी कुठे चालू आहे ते तिथे कळेल. सगळीकडे ती सतत चालू नसते. यासोबत जमलं तर प्रोग्रॅमिंगचा छोटा कोर्स करा. निव्वळ ऑपरेटर आणि स्वतः प्रोग्रॅम लिहिणारा-दुरुस्त करणारा सेटर यांच्या पगारात आणि मागणीत मोठा फरक असतो, आणि पुनर्कौशल्य निधीचे ते नऊ-दहा हजार खर्चायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात तयार झालेल्या नोकऱ्यांसाठी आहे. बातम्यांत तिचा पहिला भागच गाजला, पहिल्यांदा पीएफमध्ये येणाऱ्याला १५,००० रुपयांपर्यंत मिळणारा. तो तुम्हाला लागू नाही. पण दुसरा भाग मालकासाठी आहे: त्याने जास्तीचा माणूस घेतला आणि किमान सहा महिने टिकवला, तर सरकार मालकाला महिन्याला ठरावीक रक्कम देतं. ज्यावर पीएफ कापला जातो तो पगार १० ते २० हजारांत असेल तर २,००० रुपये, २० हजारांवर ३,००० रुपये. दोन वर्षं, आणि उत्पादन क्षेत्रात चार वर्षं. पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाने किमान दोन जास्तीची माणसं घ्यायला हवीत, त्यापेक्षा मोठ्याने पाच.

याचा उपयोग मुलाखतीत कसा करायचा? लहान कारखानदाराला ४३ वर्षांचा माणूस महाग वाटतो. त्याला सांगा की तुम्ही दोन माणसं घेतलीत तर माझ्यामागे महिन्याला २,००० रुपये चार वर्षं तुम्हाला मिळू शकतात, म्हणजे ९६ हजार. मी पाहिलेल्या बऱ्याच छोट्या मालकांना ही योजना ऐकून माहीत असते, पण ती अनुभवी माणसालाही लागू होते हे माहीत नसतं. त्यांच्या पीएफ सल्लागाराला फोन लावायला सांगा. सुरुवातीला मालक हसेल, मग फोन लावेल.

जुन्या कंपनीचाही दरवाजा पूर्ण बंद झालेला नसतो. कपात झालेल्या कामगाराला, कंपनीने वर्षभरात पुन्हा भरती काढली तर, प्राधान्य द्यावं अशी संहितेत तरतूद आहे. राजीनामा दिलेल्याला ती नाही. नवी लाइन येणार अशी चर्चा असेल तर हे लक्षात ठेवा.

शेवटी धंद्याचा प्रश्न. मी स्वतः नोकरी गेल्याच्या पहिल्या तीन महिन्यांत कोणालाही कर्जाचा फॉर्म भरू देत नाही. त्या काळात माणूस धंदा निवडत नाही, घरात बसण्यापासून पळत असतो. पण तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात वयाची वरची मर्यादा नाही. उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा आणि सेवेला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. अनुदान खुल्या प्रवर्गाला शहरात १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के. राखीव प्रवर्ग, महिला, माजी सैनिक वगैरेंना प्रत्येकी दहा टक्के जास्त. स्वतःचा वाटा खुल्या प्रवर्गाला १० टक्के, इतरांना ५. अर्ज जिल्हा उद्योग केंद्रातून जातो, पण निर्णय बँकेचा असतो. आणि अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षं तुमच्या नावावर अडकून राहतं आणि धंदा चालू आहे हे तपासल्यावर कर्जात वळतं होतं. धंदा दीड वर्षात बंद पडला तर कर्ज तुमचं आणि अनुदान परत. प्रकल्प नवा असावा लागतो, त्यामुळे मंजुरीआधी मशीन घेऊन बसू नका. तुमच्या पत्नीचं नाव अर्जदार म्हणून चालतं का, अनुदान जास्त मिळतं का, हेही विचारून ठेवा. कुटुंबात एकालाच लाभ मिळतो आणि महिला विशेष प्रवर्गात येते.

तुमच्या हाताशी जॉबवर्कची खात्रीची ऑर्डर असेल, म्हणजे जुन्या कंपनीचा एखादा पुरवठादार "मशीन टाका, काम देतो" असं लेखी देत असेल, तरच या वाटेचा विचार करावा असं माझं मत. नुसतं "काम मिळेल" यावर व्हीएमसीचा हप्ता भरता येत नाही.

तर या आठवड्यात करायचं ते असं. सही करू नका. गेल्या दोन वर्षांच्या सॅलरी स्लिप, नेमणुकीचं पत्र, ओळखपत्र आणि एचआरचे व्हॉट्सॲप मेसेज यांच्या प्रती घरी आणून ठेवा. गेटपास गेला की हे मिळवायला फार त्रास होतो. ईएसआयसीच्या लॉगिनमध्ये गेल्या चार सहामाह्यांची वर्गणी जमा दिसते का बघा. आधार, बँक खातं आणि मोबाइल नंबर आयपी नंबरला आणि यूएएनला जोडलेले आहेत का ते तपासा, दावे अडतात ते बहुतेक इथेच. नावाच्या स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरकही आताच दुरुस्त करून घ्या, कारण त्यासाठी मालकाची संमती लागू शकते आणि आज तो तुमच्याशी बोलतो आहे.

स्लिपवर मालक म्हणून कंपनीचं नाव आहे की ठेकेदाराचं, कारखान्यात साधारण किती कामगार आहेत आणि एचआरने राजीनामा लेखी मागितला की तोंडी, एवढ्या तीन गोष्टी कळवा. कोणाचंही नाव लिहू नका. त्यावरून कपातीचं पत्र मागणाऱ्या अर्जाचा मसुदा मी इथेच लिहून देतो.